पार्ट येईपर्यंत

मशीनला शिंक आली तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, आणि तिघांनीही ती ऐकली.

वकीलसाहेबांनी घसा खाकरला, मुख्याध्यापिकाबाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या, आणि ज्याला गप्प बसणं म्हणून जमत नाही तो हॉटेलवाला पत्र्यावर दोन टिचक्या मारून म्हणाला, "सायंटिस्ट, मशीनला जरा वाफ द्या हो. सर्दी झालेली दिसतेय." तिघंही हसले. सायंटिस्टही हसला आणि म्हणाला, "बेल्ट घासतोय. तेल घालायला हवं." नुसतं म्हणून थांबला नाही, तर खरंच तेलाचा डबा आणून वरच्या एका भोकात त्यानं दोन थेंब सोडले. ते थेंब आत बसलेल्या वहिनींच्या खांद्यावर पडले.

वहिनी म्हणजे सायंटिस्टची बायको. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणते, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. सकाळी नऊला त्या मागच्या दारानं एका लोखंडी कपाटात शिरायच्या आणि संध्याकाळी सहाला बाहेर पडायच्या. कपाट माणसापेक्षा हातभर उंच, हिरव्या रंगाचं, आणि त्यावर ठळक अक्षरात पाटी: ‘स्वयंचलित घडीयंत्र’. छातीच्या उंचीवर इस्त्री केलेला शर्ट आत टाकायची फट, खाली घडी बाहेर येण्यासाठी ट्रे, वर लाल, पिवळा, हिरवा असे तीन दिवे. बटण दाबलं की मोटर घरघरायची, पट्टा फिरायचा, दिवा पिवळा व्हायचा आणि चाळीस सेकंदांत दुकानातल्या नव्या शर्टासारखी घडी ट्रेमध्ये. मोटर खरी होती, पट्टा खरा होता, दिवेही खरे होते. फक्त पट्टा कशालाच जोडलेला नव्हता. घडी वहिनी घालायच्या.

हे ओळखायला फार अक्कल लागत होती असंही नाही. कपाटाच्या दर्शनी बाजूला सायंटिस्टनं स्वतः रंगवलेली आकृती होती: आधी उजवी बाही, मग डावी, मग दुमड. वहिनी डावखुऱ्या. त्यामुळे बाहेर येणाऱ्या प्रत्येक शर्टाची डावी बाही आधी मुडपलेली असायची. दोन वर्षं ती आकृती आणि ती घडी एकमेकींपासून वीतभर अंतरावर होत्या आणि शिकलीसवरलेली माणसं दोन्हींकडे बघून मान डोलवायची. लोकांना दिसत नव्हतं असं नाही. लोकांना चाललं होतं. हॉटेलवाल्यानं खोल्याखोल्यांत ‘आमचे कपडे यंत्राने घडी केलेले’ असे कागद लावले होते. शाळेची सहल दरवर्षी यंत्र बघायला यायची. गल्लीचं नाव एकदा पेपरात छापून आलं होतं, फोटोसकट. आता कोण कशाला स्वतःच्याच गल्लीचं हसं करून घेईल?

पण मशीन अकरा दिवस खरोखर चाललं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं वाचून कोणाचा विश्वास बसणार नाही.

मूळचं हे दुकान सायंटिस्टच्या वडिलांचं. चाळीस वर्षं बाबांनी तिथं इस्त्री केली. समोर जाड लाकडी टेबल, कडा जागोजागी करपलेल्या, आणि टेबलापलीकडे बाबा. लग्न होऊन आल्यावर वहिनी त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि कॉलर कशी बसवायची, कफ कसा उलटायचा, बटणपट्टी कशी ताणायची हे सगळं त्यांच्याकडून शिकल्या. डाव्या हातानं घडी घालायची म्हणून बाबांनी त्यांच्यासाठी सगळं उलट करून दाखवलं होतं. दमले होते बिचारे. "झोपलेल्या लेकराचे हात छातीवर घेतो ना, तशी बाही घ्यायची," असं ते सांगायचे. आणि दुकानाचा नियम एकच. निघालेलं, लोंबतं, ढिलं बटण दुकानाबाहेर जाता कामा नये. त्याचे पैसे नाहीत, त्याबद्दल बोलायचं नाही, लावून द्यायचं आणि गप्प बसायचं. त्यासाठी दोरा ओवलेली सुई वहिनींच्या बाहीला कायम टोचलेली असायची. टेबलापाशी त्या मजेत होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याशी चार शब्द बोलणं व्हायचं, आणि कोणी ना कोणी त्यांच्या हातांकडे बघत उभं असायचं. "वहिनी, काय हात आहे तुमचा!" हे वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर पडायचं, आणि त्याची सवय झाली होती.

मग सायंटिस्ट ज्या कारखान्यात मशीनं दुरुस्त करायचा तो बंद पडला आणि तो घरी आला. तीन वर्षं मागच्या खोलीत ठोकाठोक चालली. लोक त्याला चिडवायला सायंटिस्ट म्हणायला लागले. आणि एक दिवस त्यानं त्या कपाटात शर्ट टाकला, बटण दाबलं आणि खाली घडी आली. थोडी वाकडी होती, पण घडी होती. बाबा रडले. टेबलावर त्यांनी स्वतःच्या हातानं जुनी चादर घातली; इस्त्री मागच्या खोलीत हलवली. लोक चिडवायचं थांबले नाहीत, पण त्याच शब्दात आता मान आला. सायंटिस्ट ते अकरा दिवस गल्लीतून मान वर करून चालला. वहिनींनी त्याला असं चालताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

बाराव्या दिवशी आतल्या एका चाकाचा दात तुटला. बाहेर मुख्याध्यापिकाबाई चाळीस पोरं घेऊन उभ्या होत्या, शर्ट आत पडला होता, दिवा पिवळा झाला होता आणि सायंटिस्टचा चेहरा पांढराफटक. तेल घालायला म्हणून वहिनी कपाटाच्या मागच्या बाजूला होत्या. त्यांनी विचारबिचार काही केला नाही. आत हात घातला, शर्ट उचलला, डावी बाही, उजवी बाही, दुमड, आणि ट्रेमध्ये सरकवला. बाहेर टाळ्या वाजल्या.

"फक्त आजचा दिवस," सायंटिस्ट म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "पार्ट येईपर्यंत." चाकं काढून त्यानं आत स्टूल ठेवलं, एक फळी बसवली, छोटा पंखा लावला. सगळं पार्ट येईपर्यंत.

पार्ट चार महिन्यांनी आला. पुठ्ठ्याचा छोटा खोका, चारी बाजूंनी चिकटपट्टी. सायंटिस्टनं सही करून तो घेतला आणि पलंगाखाली सरकवला. वहिनींनी दोन दिवस वाट पाहिली आणि विचारलं, "अहो, पार्ट आला ना?" "हो, बसवतो. निवांत बसायला पाहिजे." महिन्यानं विचारलं, तेव्हा म्हणाला, "बघतो ना." पुढच्या वेळी तो चिडला, आणि मग वहिनींच्या डोक्यात प्रकाश पडला. खोका बंद होता तोवर मशीनला फक्त एक पार्ट कमी होता. खोका उघडला, पार्ट बसवला आणि तरीही मशीन चाललं नाही, तर त्या अकरा दिवसांचं काय करायचं? नवरा आळशी नव्हता. घाबरला होता. हे कळल्यावर वहिनींना आधी राग आला आणि मग कीव आली, आणि कीव आली तिथंच त्या अडकल्या.

आता त्यांना गिऱ्हाइकं फटीतून दिसायची, म्हणजे हात आणि पोटं दिसायची. वकीलसाहेब ढेरीवरून ओळखू यायचे, मुख्याध्यापिकाबाई खडूनं पांढऱ्या झालेल्या बोटांवरून. "काय घडी आहे!" असं लोक अजून म्हणायचे, पण ते कपाटाला. संध्याकाळी बाहेर पडल्यावर दहा मिनिटं पाय आपले वाटायचे नाहीत. आणि दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असायचे, "माझ्या मुलानं बनवलंय. हात लावावा लागत नाही." सगळ्या गल्लीला ठाऊक असलेली गोष्ट एकट्या बाबांना ठाऊक नाही, अशी वहिनींची समजूत होती. त्यांच्यासाठी म्हणूनही त्या गप्प होत्या.

शिंकेच्या आठवड्यातच पत्र आलं. जागोजागी शाखा असलेली एक मोठी लाँड्री कंपनी, तिला असली मशीनं हवी होती. मशीन तपासायला त्यांच्या इंजिनीअरबाई सोमवारी येणार होत्या. सायंटिस्टनं पत्र चारदा वाचून दाखवलं.

"अहो, ती बाई मशीन उघडून बघेल," वहिनी म्हणाल्या.

"पेटंट व्हायचंय, उघडता येणार नाही म्हणून सांगेन."

"आणि मी शिंकले तर?"

"शिंकू नकोस."

रविवारी सकाळी वहिनींनी पलंगाखालून खोका काढला, धूळ पुसली आणि नवऱ्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. "आज दुकान बंद आहे. मी धरते, तुम्ही बसवा. नाही चाललं तर नाही चाललं."

सायंटिस्टनं खोका फिरवून फिरवून पाहिला. वरचं लेबल वाचलं. नखानं चिकटपट्टीचं एक टोक उचललं आणि परत दाबून बसवलं. "घाईघाईत करायची गोष्ट नाहीये ही," म्हणाला, आणि चहा तसाच टाकून उठला.

म्हणजे उद्या बिंग फुटणार. वहिनींनी ते मनाशी स्पष्ट म्हटलं आणि भीती वाटायची वाट पाहिली. भीती वाटली, पण तिच्या मागोमाग छाती हलकी झाली. त्यांची त्यांनाच लाज वाटली. नवऱ्याचं पितळ उघडं पडणार, पेपरात पुन्हा फोटो येणार आणि या वेळी तो बघवणार नाही, बाबा या वयात हे कसं सोसणार, आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय? पण वाटत होतं. चोरासारख्या त्या दुकानात गेल्या, टेबलावरची चादर काढली आणि ओल्या फडक्यानं लाकूड पुसायला लागल्या.

"काय चाललंय, सूनबाई?" बाबांनी दारातून विचारलं.

"धूळ बसलीय."

बाबांनी दुसरं फडकं घेतलं आणि पलीकडची बाजू पुसली. झाल्यावर चादर परत घातली.

इंजिनीअरबाई पन्नाशी उलटलेल्या होत्या. केस बारीक कापलेले, चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला. वहिनींना हे नंतर दिसलं. आधी दिसले ते फटीतून हात. नखं कापलेली, बोटात अंगठी नाही, तर्जनीवर शाईचा डाग. बाईंनी साठ शर्ट आणले होते, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी. हातात स्टॉपवॉच. सायंटिस्टच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू होता. बाई फक्त "हं" म्हणायच्या.

पहिले वीस शर्ट साधे होते. मग गंमत सुरू झाली. एकविसावा अर्धवट ओला. चोविसाव्याची बाही उलटी. अठ्ठाविसाव्याला एकच बाही. तिसावा लहान पोराचा, वीतभराचा. खरं मशीन असतं तर एव्हाना चारदा अडकलं असतं, आणि हे वहिनींना चांगलं कळत होतं. उलटी बाही तशीच राहू द्यावी, ओला शर्ट चुरगाळून बाहेर टाकावा, मशीनसारखं वागावं, असं त्यांनी मनाला बजावलं. पण मनाला बजावेपर्यंत हातानं बाही सुलटी केलेली असायची. हातापुढे त्यांचं काही चालेना.

सदतिसाव्या शर्टाचं तिसरं बटण एका धाग्यावर लोंबत होतं.

दोऱ्याचं टोक दातात धरून तोडलं, तेव्हा वहिनी भानावर आल्या. बटण पक्कं बसलं होतं, चार टाके आणि खाली तीन वेढे, बाबांनी शिकवलेले. वर पिवळा दिवा कधीचा जळत होता. किती वेळ झाला होता कोण जाणे, मिनिट तर नक्कीच उलटून गेलं होतं. बाहेर सायंटिस्ट बोलता बोलता अडखळला आणि गप्प झाला. नुसती मोटर घरघरत राहिली. अजूनही वेळ होता. टाके ओढून काढता आले असते, बटण परत लोंबतं करता आलं असतं. वहिनींनी बटणाकडे पाहिलं आणि घडी ट्रेमध्ये सरकवली. ढिलं बटण दुकानाबाहेर कसं पाठवायचं?

शाईचा डाग असलेलं बोट बटणावर थांबलं. बाईंनी बटण ओढून पाहिलं. परत ओढलं. शर्ट उलटा करून आतले टाके पाहिले.

झालं, वहिनींना वाटलं. आता दार उघडणार. त्यांनी सुई बाहीला टोचली, कपाळावरचा घाम पुसला आणि दोन्ही हातांनी केस मागे सारखे केले. लोक बघतील तेव्हा नीट दिसायला हवं. मग हात मांडीवर ठेवून बसल्या. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, आधी बाबांकडे जायचं, त्यांचा हात धरायचा, एवढं त्यांनी ठरवलं. पावलं कपाटाला वळसा घालून येतील म्हणून कान तिकडे लावले. पावलं आली नाहीत. फटीतून अडतिसावा शर्ट आत पडला.

वहिनींनी त्याची घडी घातली.

साठ शर्ट झाल्यावर बाईंनी सायंटिस्टला कसल्याशा कागदांच्या झेरॉक्स काढायला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं. बाबा खुर्चीत डुलक्या घेत होते. तेव्हा मागचं दार उघडलं.

"बाहेर येता का जरा?" बाई म्हणाल्या.

वहिनी उतरल्या आणि कपाटाला धरून उभ्या राहिल्या. बाईंनी आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. पाणी पोटात गेलं आणि वहिनींचा बांध फुटला. बारावा दिवस, तुटलेला दात, पलंगाखालचा खोका, सगळं त्यांनी सांगून टाकलं. "मशीन खोटं आहे. तुम्हीच सांगा त्यांना, माझ्यानं होत नाही. चांगलं कडक शब्दांत सांगा. दुसऱ्यानं सांगितल्याशिवाय ते ऐकायचे नाहीत."

"हं," बाई म्हणाल्या. वही उघडली. "सलग किती वेळ बसता?"

"चार तास. मग पायांना मुंग्या येतात."

"स्टूल उंच पडतं?"

"हो, पाय लटकतात ना."

"बटण लावायला किती वेळ?"

"पाऊण मिनिट. बारीक बटण असलं तर जास्त."

"पंख्याचा आवाज बाहेर येत नाही?"

"मोटरमध्ये दबतो."

बाई लिहून घेत होत्या. वहिनींना वाटलं, तक्रार लिहितायत. एकदाचं सगळं खरं कागदावर येतंय. म्हणून त्यांनी न विचारलेलंही सांगितलं: उन्हाळ्यात पत्रा तापतो, जेवायला अर्धा तास मिळावा म्हणून ‘यंत्र थंड होत आहे’ अशी पाटी लावावी लागते, डावखुऱ्या माणसाला फळी उजव्या अंगाला बरी पडते. बाईंनी तेही लिहिलं. मग त्या स्वतः आत शिरून स्टुलावर बसल्या, कोपरं दोन्हीकडे पसरून पाहिली आणि टेप काढून रुंदी मोजली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "कंबर किती?"

"कोणाची?"

"तुमची."

टेप वहिनींच्या कमरेभोवती फिरून सुटली तरी त्या हात वर करून उभ्याच होत्या. मग हळूहळू त्यांनी हात खाली घेतले.

"तुम्ही कळवणार ना," त्या म्हणाल्या, "हे खोटं आहे म्हणून?"

बाईंनी चष्मा काढला. दमलेली बाई होती, दुष्ट मुळीच नव्हती. "वहिनी, हे मी बघितलेलं सातवं मशीन. आधीची सहा खरी होती. त्यातलं एकही चालत नाही. तुमचं चालतं."

"पण ते मशीन नाही."

"साहेबांनी मला चालतं की नाही एवढंच विचारलंय. मशीन लावलं म्हणून जाहिराती छापून झाल्यात त्यांच्या. नोकरीची दोन वर्षं राहिलीत माझी, मग सुटले."

"लोकांना कळेल हो!" वहिनींचा आवाज चढला.

"इथल्या लोकांना कळलं नाही?" बाईंनी विचारलं.

बाईंनी वही मिटली. "बटणाचं फार छान आहे. ते तेवढं ठेवा," म्हणाल्या, आणि जाता जाता दार हळूच लोटून घेतलं. कपाटाचं दार. वहिनी बाहेर होत्या, तरी.

आठ दिवसांत ऑर्डर आली. बारा मशीनं. सायंटिस्टनं पत्र दारात उभं राहून वाचलं, गल्लीला ऐकू जाईल असं. ‘सैल बटणे आपोआप पक्की करण्याची सुविधा विशेष उल्लेखनीय.’ हॉटेलवाल्यानं शिट्टी वाजवली. वकीलसाहेबांनी हात मिळवला. खाली बारीक अक्षरात होतं की प्रत्येक यंत्राबरोबर एक ‘देखभाल सहायक’ बाई नेमली जाईल, उंचीला बेताची, आणि बाराजणींना आठवडाभर इथंच प्रशिक्षण द्यावं. ते सायंटिस्टनं दारात वाचलं नाही. घरात वाचलं, खाली मान घालून.

"हे बघ," तो म्हणाला, "ही बारा एकदा हातावेगळी झाली ना, की तुझंवालं आधी दुरुस्त करतो. पार्ट आहेच की आपल्याकडे."

त्याच्याकडे बघताना वहिनींच्या लक्षात आलं की तो थापा मारत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याला रागवावं तरी कसं, आणि न रागवावं तरी कसं? त्यांना रडूही आलं नाही. आता कोणी दार उघडणार नव्हतं, कारण ज्यांनी उघडायचं ते सगळे आत डोकावून गेले होते.

पत्र्यासाठी कंपनीनं आगाऊ पैसे पाठवले. बसायच्या फळ्यांना मुरलेलं लाकूड हवं होतं. नवीन लाकूड वाफेनं वाकतं. वहिनी मागच्या खोलीतून दुकानात आल्या तेव्हा टेबलावरची चादर खाली पडली होती, सायंटिस्टच्या हातात करवत होती आणि टेबलाचं दुसरं टोक बाबांनी दाबून धरलं होतं.

"बाबा, टेबल?" वहिनी म्हणाल्या.

"चाळीस वर्षं उन्हापावसात नाही, वाफेत काढलीत यानं," बाबा म्हणाले. "वाकायचं नाही."

सायंटिस्ट पट्टी आणायला आत गेला. वहिनी पुढं आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाबा, या फळ्यांवर कोण बसणार, माहितीय का तुम्हाला?"

बाबा लाकडाकडेच बघत होते. करपलेल्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. "डावी बाही आधी. मीच शिकवली ना तुला. पहिल्याच दिवशी ओळखली."

"मग बोलला का नाहीत?"

"त्या अकरा दिवसांत तो कसा चालायचा, बघितलंस ना तू. आणि मला वाटलं, तूच बोलशील. तू बोललीस की मी टेबल मांडणार होतो."

दोन वर्षं याच माणसाच्या काळजीपायी वहिनी आत बसल्या होत्या, आणि हा माणूस दारात खुर्ची टाकून त्यांच्या बोलण्याची वाट बघत होता. रविवारी दोघांनी मिळून टेबल पुसलं होतं. त्या वेळी कोणी एक जरी बोललं असतं! त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण सायंटिस्ट पट्टी घेऊन आला आणि बाबांनी परत टेबलाचं टोक दाबून धरलं. करवत सुरू झाली. लाकूड कडक होतं, कापायला वेळ लागला.

पहिल्या कपाटाचा सांगाडा दुपारपर्यंत उभा राहिला. आत बसायची फळी लागली, बाजूला घडीची फळी, पाठीला टेकायला पट्टी. बाईंनी धाडलेल्या मापांचा कागद भिंतीवर चिकटवला होता, त्यात वहिनींची कंबरही होती. सायंटिस्टनं खिळे ठोकून हात झटकले.

"अगं, जरा बसून बघ."

वहिनी आत गेल्या आणि बसल्या. फळी गुळगुळीत होती. मांडीखाली एका जागी खाच लागली, तिथं कधीतरी इस्त्री राहून गेली होती. सायंटिस्ट बघत होता, बाबाही बघत होते. ठीक आहे म्हणायचं आणि उठायचं, इतकंच काम होतं. बाराजणींतली एक इथं बसणार होती. कुठली कोण, वहिनींना तिचा चेहराही माहीत नव्हता. पण त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"एक बोट खाली घ्या," वहिनी म्हणाल्या. "दिवसभर बसायचं म्हणजे पाय टेकले पाहिजेत."

सायंटिस्टनं कानामागची पेन्सिल काढली आणि एक बोट खाली खूण केली.